४६ जण, पण कोण?

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, कारण तिथं पिढ्यानपिढ्या फौजेत जायची रीत आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. इंग्रज सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक केलं. अशा शिळा आपल्याकडं इतरही गावांत सापडतात. मजकुराचा साचा ठरलेला. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. तेव्हा आज आपण एकच प्रश्न विचारू. आकडा आहे, मग नावं कुठं गेली?

त्यासाठी आपल्याला इराकात जावं लागेल. त्या काळी त्याला मेसोपोटेमिया म्हणत. मराठा पलटणींतले बरेच जवान तिथं लढले. ‘सहाव्या पुणे डिव्हिजन’मध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला कुत अल अमारा इथं वेढा घातला. जवळजवळ पाच महिने. दाणागोटा संपला, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांतली कित्येक वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली.

या मोहिमेतल्या ज्या मृतांना कबर मिळाली नाही, त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसरा इथं मोठं स्मारक झालं. आता नीट लक्ष द्या. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, मग तो साधा सैनिक का असेना. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं आली. पण साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या! म्हणजे गावात आकडा, आणि रणभूमीवरही आकडाच.

जागा नव्हती म्हणून असं झालं असेल का? नाही. फ्रान्समध्ये नव शापेल इथं १९२७ मध्ये याच सरकारनं हिंदी सैनिकांचं स्मारक उघडलं. त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, शिपायांसकट. त्याच्याही शंभर वर्षं आधीचा आपल्या घराजवळचा दाखला घ्या. १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं भीमा कोरेगावला जयस्तंभ उभारला, त्यावर शिपायांची नावं आहेत. त्यांतली कितीतरी ‘नाक’ने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची. कंपनीनं खांब उभारला तो स्वतःच्या विजयासाठी. पण नावं होती, म्हणून पुढं समाजाला ती वाचता आली, ही आपली माणसं असं म्हणता आलं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले, आणि आज लाखो लोक जातात. नुसता आकडा असता, तर हे जमलं असतं का?

इथंच खरी गोम आहे. आकडा सरकारच्या उपयोगाचा, गावानं किती माणसं दिली ते दाखवायला. नाव घरच्यांच्या उपयोगाचं. पणजोबांचं नाव दगडावर असेल तर नातवंडं तिथं बोट ठेवू शकतात. ‘४६’ वर बोट कुठं ठेवायचं?

२०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं मृतांच्या स्मरणात असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. आता त्यांच्या नोंदी संगणकावर शोधता येतात. अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढं बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. स्पेलिंग इंग्रजी वळणाचं, त्यामुळं गाव ओळखताना डोकं खाजवावं लागतं. पण गावातली जुनी माणसं ते चटकन ओळखतील.

म्हणून आपल्या गावात अशी शिळा असेल तर एवढं करू या. तिच्यावरचा आकडा टिपून घेऊ, नोंदींतली नावं शोधू, घराघरांत विचारू. जितकी सापडतील तितकी ग्रामपंचायतीला सांगून शेजारी लावू. जुना दगड तसाच राहू दे. तोही इतिहासच आहे. त्याच्या बाजूला नावं हवीत.