अवसादरोधी औषधांचे रक्तमापन
अवसादरोधी औषधांचे रक्तमापन : अवसाद म्हणजे दीर्घकाल टिकणारी विकृत खिन्नता. तिच्यावर दिलेल्या औषधाचे रक्तातील प्रमाण मोजून त्यानुसार मात्रा ठरविण्याची पद्धत.

इमिप्रामीन या औषधाचा अवसादावरील गुण रोलांट कून या स्विस मानसरोगतज्ञांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. रेणूत तीन वलये असल्याने या गटास त्रिवलयी औषधे म्हणतात. प्रारंभी मात्रा अनुभवाने ठरवीत व गुण न आल्यास ती वाढवीत. तथापि सारख्याच मात्रेने एका रुग्णास उतार पडे, दुसऱ्यास गुण येत नसे, तर तिसऱ्यास विषारी परिणाम जाणवत.

या विसंगतीचा उलगडा मुख्यत्वे स्वीडनमध्ये झाला. फोल्के शोक्विस्ट व त्यांचे सहकारी यांना १९६७ च्या सुमारास असे आढळले की, समान मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तद्रवातील औषधाच्या पातळीत कित्येक पटींचा फरक असतो. १९६९ मधील जुळ्यांच्या अभ्यासात एकबीज जुळ्यांतील नॉरट्रिप्टिलिनची पातळी बरीचशी सारखी आढळली. त्यावरून हा फरक बव्हंशी आनुवंशिक असल्याचे दिसून आले. यकृतातील सीवायपी२डी६ या एंझाइमाची व्यक्तिपरत्वे भिन्न असलेली क्षमता हे त्याचे प्रमुख कारण होय, हे पुढे स्पष्ट झाले.

मारी ओस्बेर्य व इतरांनी १९७१ मध्ये आणखी महत्त्वाची गोष्ट दाखविली. नॉरट्रिप्टिलिनची पातळी फार कमी असता गुण येत नाही, तसाच ती फार वाढली असताही तो घटतो. दर मिलिलिटरला सु. ५० ते १५० नॅनोग्रॅम ही पातळी पुढे इष्ट मानली गेली. गुण न येणाऱ्या काही रुग्णांत मात्रा वाढविण्याऐवजी कमी करणे योग्य ठरते, हा याचा व्यावहारिक अर्थ होय.

मात्रा स्थिर ठेवून सु. एक आठवडा झाल्यावर, शेवटच्या मात्रेनंतर सु. १२ तासांनी रक्त घेतात. आधी घेतल्यास आकडा फसवा ठरतो.

अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या कृतिगटाने १९८५ मध्ये इमिप्रामीन, डेसिप्रामीन व नॉरट्रिप्टिलिन यांपुरती ही चाचणी उपयुक्त ठरविली. १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फ्ल्युऑक्सेटीनसारख्या औषधांत सुरक्षिततेची मर्यादा मोठी असून पातळी व गुण यांचा संबंध अस्पष्ट आहे. म्हणून त्यांच्यासाठी ही चाचणी नेहमी करीत नाहीत. तरीही औषध नियमित न घेणे, दुसऱ्या औषधाशी आंतरक्रिया, वार्धक्य वा यकृतविकार यांचा संशय असल्यास ती मार्गदर्शक ठरते.

या चाचणीने औषध मोजले जाते, खिन्नता नव्हे. म्हणून आकड्याचा अर्थ रुग्णाच्या प्रत्यक्ष अवस्थेवरूनच लावावा लागतो.