मोसुलचीं हस्तलिखितें

ह्या स्मरणिकेकरितां आम्ही बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या चाळूं लागलों, तों कांहीं पानें कसरीनें इतकीं पोखरलेलीं आढळलीं कीं, आमच्याच पूर्वजांचीं नांवें आम्हांस वाचतां येईनात. तेव्हां मोसुल नगरीची हकिगत वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें.

इराकांतील ह्या नगरींत डोमिनिकन संघाचे धर्मगुरु 1750 सालीं आले. तेथील व आसपासच्या मठांतून सिरियाक भाषेंतील, म्हणजे प्रभु येशू बोलत त्या अरामी भाषेच्याच एका शाखेंतील, पुरातन हस्तलिखितें होतीं. 1990 सालीं फादर नजीब मिखाएल ह्या डोमिनिकन धर्मगुरूंनीं तीं जतन करण्यासाठीं एक केंद्र काढलें. पुढें त्यांस अमेरिकेंतील मिनेसोटाच्या बेनेडिक्टाईन मठवासीयांचें साहाय्य लाभलें. हे मठवासी 1965 पासून यूरोपांतील मठांचे ग्रंथ मायक्रोफिल्मवर उतरवीत आले होते.

ग्रंथ मालकापासून दूर न्यावयाचा नाहीं. एकेक पान उलटून डिजिटल कॅमेऱ्यानें टिपावयाचें, अशी ही रीत. पण असें चित्र म्हणजे कांहीं अमरपट्टा नव्हे! चर्मपत्र नीट ठेविलें तर सहस्र वर्षें टिकतें. संगणकाची तबकडी थोड्याच वर्षांत निकामी होते. म्हणून तींच चित्रें निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं लागतात, वेळोवेळीं नव्या साठ्यावर उतरवावीं लागतात, आणि उतरतांना कांहीं बिघडलें नाहीं ना, हें ताडून पाहावें लागतें. काम कंटाळवाणें खरें. परंतु आमच्या मतें तें चित्र घेण्याहून थोर होय.

10 जून 2014 रोजीं मोसुल आयसिसच्या हातीं पडलें. फादर नजीब ह्यांनीं आपला संग्रह 2007 सालींच कराकोश गांवीं हलविला होता. आतां तो तेथूनही एर्बिलास नेला. 6 ऑगस्टच्या रात्रीं कराकोशही पडलें. गाड्यांतून ग्रंथांबरोबर जीव घेऊन पळणारीं माणसेंही गेलीं. जें मागें राहिलें त्यांतील पुष्कळ नष्ट झालें. त्या ग्रंथांपैकीं कित्येकांचें आज केवळ चित्र उरलें आहे. फादर नजीब 2019 सालीं मोसुलचे आर्चबिशप झाले.

मार बेहनाम मठाची गोष्ट निराळी. तेथील ग्रंथांचीं चित्रें पूर्वींच घेतलेलीं होतीं. तरीही एका धर्मगुरूंनीं मूळ ग्रंथ लोखंडी पिंपांत भरून, पुढें भिंत घालून लपविले. आयसिसनें 2015 सालीं संत बेहनाम ह्यांची कबर सुरुंग लावून उडविली. ती भिंत मात्र कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. नोव्हेंबर 2016 मध्यें मठ मुक्त झाल्यावर भिंत फोडली, तों पिंपांतून शेंकडों हस्तलिखितें निघालीं.