बेटावरचा सुतार आणि गंगेकाठचे मुंगूस

ब्राह्मणी, तिचे बाळ आणि मुंगूस ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. साप आणि मुंगूस यांचे हाडवैर तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसलेले असते. नेमक्या याच समजुतीवर विसंबून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जपानमध्ये एक उपाय केला गेला. त्याचा त्रास ज्यांना झाला, त्यांत एक सुतारपक्षीही आहे.

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचे शंभरएक किलोमीटर लांब, चिंचोळे बेट आहे. त्याच्या उत्तर टोकाकडच्या डोंगराळ रानाला यानबारू म्हणतात. डोंगर फार उंच नाहीत. सर्वांत उंच योनाहा, तोही ५०३ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहून कमी. ओकच्या कुळातल्या इटाजी नावाच्या सदाहरित वृक्षांचे हे दाट, ओले रान. नोगुचिगेरा हा सुतारपक्षी जगात फक्त इथेच आढळतो. रंग गडद तांबूस-तपकिरी, नराच्या डोक्यावर लाल टोपी. संख्या काही शेकड्यांपलीकडे नाही.

सीबोम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८८७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे तो इतर सुतारांपेक्षा इतका निराळा वाटला, की त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिण्यात आली. २००५ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसले, की तो आशिया-युरोपातल्या नेहमीच्या ठिपकेदार सुतारपक्ष्यांचाच जवळचा नातेवाईक आहे. दिसायला वेगळा तो बेटावर राहून झाला.

त्याची एक सवय तर फारच वेगळी. सुतारपक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खोडाला चिकटलेला पक्षी येतो. नोगुचिगेराची मादी बहुतेक तशीच वागते. नर मात्र पुष्कळदा जमिनीवर उतरतो, पालापाचोळा उडवतो, चोचीने माती उकरतो आणि त्यातून कोळी आणि झिलमिली किड्यांची पिल्ले काढतो. एकाच जोडप्याने रानाचे दोन मजले वाटून घेतलेले! आम्हाला या पक्ष्यात सर्वांत रस वाटतो तो इथेच. असे खाली उतरणे परवडले, कारण ओकिनावावर जमिनीवरून शिकार करणारा एकही मूळचा मांसाहारी सस्तन प्राणी नव्हता. कोल्हा, मुंगसासारखा दिसणारा वीझल हे सारे उत्तरेकडच्या जपानी बेटांवर. मधल्या खोल समुद्राने त्यांना अडवले होते. प्राण्यांच्या वाटणीतली ही सीमा आज ‘वातासे रेषा’ म्हणून ओळखली जाते.

हे नाव लक्षात ठेवू या. शोझाबुरो वातासे हे टोकियोचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ. ओकिनावात उसाच्या शेतांत उंदीर फार, आणि हाबू हा विषारी सापही. १९१० मध्ये वातासे यांच्या पुढाकाराने गंगेच्या मुखाकडच्या प्रदेशातून आणलेली थोडी मुंगसे बेटाच्या दक्षिण भागात सोडण्यात आली. आपल्या शेतांच्या बांधावर दिसते ते राखी मुंगूस वेगळे. हे त्याहून लहान. १८७२ मध्ये हीच जात कोलकात्याहून जमैकातल्या उसाच्या मळ्यांत नेली होती. तिथे पक्ष्यांचे आणि सरड्यांचे काय झाले, हे तोवर जगाला ठाऊक झाले होते. तरीही हे घडले.

वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा: मुंगूस साप मारू शकते, मग हाबू का संपले नाहीत? मुले सापाचे विष, मुंगसाची चपळाई अशी अनेक कारणे सुचवतील. उत्तर घड्याळात आहे. मुंगूस दिवसा हिंडते, हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडते. दिवसा गाठ पडते ती पक्षी, सरडे, किडे यांच्याशी.

मुंगसांना दक्षिणेकडून यानबारूपर्यंत पोचायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. त्या काळात रानाचेही हाल झाले. १९४५च्या लढाईत बेट बेचिराख झाले. घरे उभारायला लाकूड लागले, ते यानबारूतून आले. १९७२ मध्ये ओकिनावा अमेरिकेकडून जपानकडे परत आले आणि त्यानंतर जंगलात रस्ते, धरणे झाली. नोगुचिगेराला घरट्यासाठी आतून मऊ पडलेले जाड खोड लागते. तोडलेल्या रानात तशी झाडे पुन्हा तयार व्हायला तीस-चाळीस वर्षे तरी जातात. गंमत, की बरेचसे जुने रान वाचले ते अमेरिकी सैन्याच्या सराव क्षेत्रात. त्यातले सुमारे ४,००० हेक्टर डिसेंबर २०१६ मध्ये परत मिळाले. बदल्यात उरलेल्या भागात हेलिकॉप्टरसाठी नव्या जागा करून द्याव्या लागल्या. स्थानिक लोकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. सैन्याला या रानाचे श्रेय द्यावे असे आम्हाला वाटत नाही, पण झाले ते असे. २०२१ मध्ये यानबारू जागतिक वारसा ठरले.

मुंगसांविरुद्धची मोहीम २००० पासून सुरू आहे. बेटाच्या अरुंद भागात या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत कुंपण घातले आहे. उत्तरेला हजारो सापळे आहेत आणि मुंगसाच्या विष्ठेचा वास ओळखणारे कुत्रे तयार केले आहेत. शेजारच्या अमामी बेटावरही १९७९ मध्ये मुंगसे सोडली होती. तिथून ती पूर्णपणे संपल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ओकिनावात कुंपणाच्या दक्षिणेला मुंगसे अजून आहेत, त्यामुळे उत्तरेकडचे सापळे आजही तपासावे लागतात.