तालीम आणि तिचा पैलवान

मराठीत नाटकाची तालीम असते आणि कुस्तीचीही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणे, शिक्षण. नाटकवाल्यांनी तो क्रियेपुरता ठेवला. पैलवानांनी तो जागेलाही लावला, आणि लाल मातीचा हौदा ज्या इमारतीत असतो ती इमारतच तालीम झाली. व्युत्पत्तीपेक्षा आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते ती गोष्ट अशी की दोन्हीकडे हा शब्द एकट्या माणसाला वापरता येत नाही. घरी आरशासमोर संवाद म्हणणारा पाठांतर करतो, अंगणात जोर मारणारा व्यायाम करतो. तालमीला समोर दुसरे माणूस लागते.

आपल्याकडे कुस्तीचा इतिहास मात्र एकेकट्या नावांनी सांगितला जातो. कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केले, कोणत्या साली कोणाच्या खांद्यावर गदा आली, याच्या याद्या पाठ असणारे रसिक गावोगाव भेटतात. पण त्या नावांमागे ज्या पंधरावीस जणांनी रोज पहाटे मार खाल्लेला असतो त्यांची याद कोणी ठेवत नाही. पैलवानाचे शरीर ही त्याची खाजगी मिळकत असते, असे गृहीत धरूनच हा इतिहास लिहिला गेला आहे. आम्हांला ते गृहीतक मान्य नाही.

तालमीतली मेहनत कशी चालते ते पाहिले तरी हे ध्यानात येते. ताक, तेल, हळद, लिंबू, काव घालून मुरवलेली माती वापराने दबून बसते. ती खोऱ्याने खणून मोकळी करावी लागते. हे काम आळीपाळीने सगळ्यांचे, आणि तोही मेहनतीचाच भाग. जोर-बैठका ओळीने चालतात. शेजारचा थांबलेला नसताना आपण थांबायचे ही लाज आकड्यापेक्षा जास्त काम करते. खरी गोष्ट पुढे, मातीत उतरल्यावर. मान तयार व्हायची तर ती दाबायला दुसऱ्याचे कोपर हवे, पाय रोवायला शिकायचे तर ते उखडणारा कोणी हवा. तालमीत ज्येष्ठ पैलवान नवख्याला 'खेळवतो'. या क्रियापदात मोठी समज आहे. तो त्याला पाडू शकत असतो, पण लगेच पाडत नाही. त्याच्या ताकदीपेक्षा थोडी जास्त ताकद लावतो, डाव अर्धा बसू देतो, मग सोडवून घेतो. वस्ताद कडेला उभा राहून कोणाची जोड कोणाशी लावायची एवढे ठरवतो, आणि त्याची बहुतेक विद्या या निवडीतच असते. मेहनत संपल्यावर एकमेकांची अंगे रगडली जातात. लोखंडी वजनाला नवख्याची दमछाक कळत नाही. खेळवणाऱ्याला ती हाताखाली कळते.

कोल्हापुरात या गोष्टीला संस्थेचे रूप आले. छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला आश्रय दिला, १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून खासबागेच्या मैदानाची कल्पना घेतली आणि १९१२ साली ते मैदान उभे राहिले, हे सर्वश्रुतच आहे. राजाश्रयाचे श्रेय कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण राजा निवडक मल्ल पोसतो. बाकीच्यांना पेठ पोसते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या नावाजलेल्या तालमींखेरीज कोल्हापूरच्या पेठापेठांत ज्या तालमी उभ्या राहिल्या, त्या व्यायामशाळा होत्या, चावड्याही होत्या. तिथे गणपती बसतो आणि बाबूजमालसारख्या तालमीत मोहरमचा पंजाही. आज त्यांतल्या काहींच्या नावाने फुटबॉलचे संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळांची नावे कोल्हापूरबाहेरचा माणूस ऐकतो तेव्हा चेंडूशी तालमीचा संबंध काय, असे त्याला वाटते. संबंध पेठेचा आहे.

खुराकाचा प्रश्न तर उघडच सामुदायिक होता. दूध, तूप, बदाम यांचा पैलवानाला लागणारा रतीब सामान्य शेतकरी घराला झेपणारा नसे. मग कोणी दूध लावून देई, कोणी धान्य. जत्रेत आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, शेवटी मोठ्या इनामाची जोड, आणि इनाम गावाच्या वर्गणीतून. आपण घातलेले दूध कोणाच्या अंगी लागले, हे गाव त्या दिवशी डोळ्यांनी पाहत असे.

खाशाबा दादासाहेब जाधवांची कथा या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी असे आम्हांला वाटते. त्यांचा जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. मातीवर वाढलेला हा मल्ल गादीवरच्या कुस्तीला नवखा होता. तरी सर्वांत हलक्या वजनगटात सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे पुन्हा नव्हते. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी ७,००० रुपयांसाठी आपले घर गहाण ठेवले. सरकारी अनास्थेवर मात करणारा एकांडा वीर, अशी ही कथा सांगण्याची आपली रीत आहे. अनास्था होतीच, एकांडेपणा मात्र आम्हांला कुठे दिसत नाही. शिक्षकाचे घर आणि गावाची वर्गणी घेऊन कोणी एकटे जात नाही. त्याच्या पाठीवर ऋण असते, आणि ते हरण्याची मुभा फारशी देत नाही.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत ते गुणांवर हरले. आणि लगेच, नियमाने मिळायची विश्रांतीही न मिळता, त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव्ह याच्यासमोर उभे केले गेले, असे सांगितले जाते. हरकत घ्यायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. ब्राँझ मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावे लागले. आम्ही थबकतो ते त्या विश्रांतीच्या अर्ध्या तासापाशी. गावच्या फडात पैलवानाच्या बाजूने भांडायला पन्नास माणसे उठली असती, वस्तादाने जोड थांबवली असती. ज्यांनी त्याला तिथवर पोचवले ते सगळे हजारो मैलांवर होते, आणि ज्यांनी त्याच्या शेजारी असायचे ते जागेवर नव्हते.

परतल्यावर कराडच्या स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे घर सोडवले. हा परतफेडीचा भाग पदकाइतकाच सांगण्याजोगा आहे, पण तो सांगताना बहुधा घाई होते. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले होते.

तालमीचे असे गुणगान करताना तिच्या उंबरठ्याचा विचार टाळता येणार नाही. समुदाय आधार देतो तसा तो आपले कोण हेही ठरवतो. पुण्यात मातंग समाजातल्या लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तरुण जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात त्या वयाच्या दोन जातींच्या मुलांना एकमेकांच्या अंगाला अंग लावू देणाऱ्या जागा फार नव्हत्या. हौद्यात शिवाशिव पाळून कुस्ती होत नाही, हे खरे. पण ब्रह्मचर्याचे व्रत आणि लंगोटाचा मान यांवर उभ्या असलेल्या या जगात बाईने पाऊल टाकणे दीर्घकाळ कल्पनेतही नव्हते. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती २०२३ साली, सांगलीत, आणि पहिला मान प्रतीक्षा बागडीने मिळवला. मधल्या बासष्ट वर्षांत ज्या मुलींना कुस्ती करायची होती त्यांच्यासाठी वर्गणी दूरच राहिली, आधी प्रश्न होता तो जोडीचा. गावात दुसरी मुलगी नसे, आणि मुलग्याशी लढवायचे तर मुलग्याच्या बापाची हरकत असे: जिंकला तर कौतुक नाही, हरला तर गावभर हसू.