नर्डलिंगेन

नर्डलिंगेन : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील तटबंदीचे लहान शहर. लोकसंख्या सुमारे २०,०००. डोनाऊ-रीस जिल्ह्यात एगर नदीकाठी, सुमारे ४३० मी. उंचीवर ते वसले आहे.

भोवतालचा सपाट, सुपीक प्रदेश रीस म्हणून ओळखला जातो. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या अशनिपाताने पडलेले हे विवर जवळजवळ २५ किमी. व्यासाचे आहे. त्यातले सरोवर गाळाने केव्हाच बुजले. आता तिथे शेती होते. १.८ किमी. व्यासाचे आपले लोणार काठावरून एका नजरेत मावते. रीसमध्ये राहणाऱ्याला मात्र आपण विवरात आहोत याचा पत्ताही लागत नाही. भूवैज्ञानिकही दीर्घकाळ याला ज्वालामुखीची करणी समजत. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी इथल्या खडकात कोएसाइट शोधले. हे खनिज घडायला लागणारा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही, तेव्हा वाद मिटला. १९७० मध्ये ‘अपोलो-१४’च्या अंतराळवीरांनी चंद्रावरचे दगड ओळखण्याचा सराव इथेच केला.

खरे म्हणजे पुरावा गावाच्या मधोमध उभा होता. सेंट जॉर्ज चर्च (१४२७–१५०५) याच आघातातून बनलेल्या स्वेव्हाइट खडकाचे आहे. जवळून पाहिले तर करड्या दगडात काळपट काचेचे तुकडे दिसतात. त्यात हिरेही आहेत, पण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. अंगठीत बसवण्याजोगा एकही नाही.

शहराचा पहिला उल्लेख इ. स. ८९८ चा. १२१५ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रीड्रिखने त्याला शहराचे हक्क दिले आणि पुढे जत्रेच्या व्यापारावर ते भरभराटले. चौदाव्या शतकात बांधायला घेतलेला २.७ किमी. लांबीचा तट आजही अखंड असून त्यावरून शहराला पूर्ण फेरी मारता येते. एगरकाठच्या चर्मकारांच्या घरांना कातडी वाळवण्यासाठी केलेले उघडे माळे अजून दिसतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणी ठरवून अनेक स्त्रियांना इथे जाळण्यात आले. मारिया होल मात्र वारंवार छळ सोसूनही कबूल झाली नाही आणि सुटली. १६३४ मध्ये शहराजवळच्या लढाईत सम्राटाच्या व स्पॅनिश फौजांनी स्वीडिश सैन्याचा धुव्वा उडवला. त्या युद्धातून नर्डलिंगेन पूर्वीसारखे सावरले नाही. तट आणि जुनी घरे टिकली त्यामागे हेही एक कारण असावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते बव्हेरियात सामील झाले.

चर्चच्या ९० मी. उंच ‘डानिएल’ मनोऱ्यावर आजही पहारेकरी असतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला तो ‘सो, ग्सेल, सो’ अशी हाळी देतो. या हाळीमागची दंतकथा सांगते, की १४४० मध्ये फितूर पहारेकऱ्यांनी वेशीचा दरवाजा उघडा ठेवला होता आणि एक डुकरीण त्याला अंग घासू लागली, तेव्हा तो हलताना एका बाईने पाहिला.