एका दुखण्याचें नांव

दुखण्याला नांव देणें ही केवळ कारकुनी सोय आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु नांवाच्या अभावीं रोगीच कसा दृष्टीआड होतो, हें मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासांतील एका लहानशा प्रकरणावरून ध्यानांत येतें.

प्रौढ मनुष्याची कवटी ही एक बंद पेटी होय. तिच्यांत मेंदू, रक्त आणि मेंदूभोंवतालचा द्रव असे तीन पदार्थ नांदतात. एक वाढला कीं इतरांना जागा सोडावी लागते. एडिंबरोचे अलेक्झांडर मन्रो यांनीं १७८३ सालीं आणि जॉर्ज केली यांनीं १८२४ सालीं या सिद्धांताचा पाया घातला. मेंदू सुजला म्हणजे या पेटींत त्याचा कोंडमारा होतो. अशा वेळीं हाडाचा तुकडा काढून त्याला मोकळीक द्यावी, हा उपाय बर्नचे थिओडोर कोखर यांनीं १९०१ सालीं व अमेरिकेंतील हार्वी कुशिंग यांनीं १९०५ सालीं मांडला. त्या मार्गानें अनेकांचे प्राण वांचले, आजही वांचतात.

मात्र कांही थोड्या रोग्यांच्या बाबतींत पुढें चमत्कारिक प्रकार घडतो. सूज ओसरते, जखम भरते, रोगी बोलूंचालूं लागतो. आणि कांही आठवड्यांनीं वा महिन्यांनीं पुन्हा खालावतो. डोकें दुखतें, भोंवळ येते, हातांतील बळ जातें, बोलणें अडखळतें. उठून बसलें कीं त्रास वाढावा आणि आडवें झालें कीं उतरावा, असेंही पुष्कळदां दिसतें. हाड काढलेल्या जागीं कातडी खोल गेलेली असते. हाडाचा आडोसा गेल्यामुळें बाहेरील हवेचा दाब कातडीवाटे मेंदूवर पडतो, उभें राहतांना द्रव कण्याकडे उतरतो आणि दबलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो, अशी याची उपपत्ति सांगतात.

फिलाडेल्फियाचे ग्रँट आणि नॉर्क्रॉस यांनीं १९३९ सालीं डोकेंदुखी, भोंवळ, थकवा, धास्ती, उदासीनता या तक्रारी एकत्र गुंफून त्यांना ‘कवटी छेदलेल्यांचा लक्षणसमूह’ असें नांव दिलें. मनाचा हळवेपणा म्हणून सहज बाजूस सारतां याव्या, अशाच या तक्रारी होत्या! पुढें १९७७ सालीं जपानांतील यामाउरा व माकिनो यांनीं खोल गेलेल्या कातडीबरोबर येणाऱ्या अवयवांच्या दुर्बलतेचें वर्णन केलें. तेव्हांपासून ‘खचलेल्या कातडीचा विकार’ हें दुसरें नांव रूढ झालें. दोन्ही एकच कीं वेगळीं, याविषयीं शस्त्रवैद्यांत एकमत नाहीं.

एकाच रोगाला तीन-चार नांवें असतात, अशी तक्रार इंग्लंडांतील विल्यम फार यांनीं १८३९ सालींच केली होती. तिच्यावर उतारा म्हणून १८९३ सालीं शिकागो येथें बर्टिलॉन यांची मृत्युकारणांची यादी पुढें आली. १९४८ पासून तें काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. १९९० सालीं मान्य झालेली दहावी आवृत्ति, २०२२ पासून अकरावी अमलांत आली तरी, अनेक देशांत अजून चालू आहे. तिच्यांत मेंदूचा द्रव नळीनें वळविल्यानंतर कवटींतील दाब उतरला, तर त्यास ‘जी ९७.२’ असा स्वतंत्र अंक आहे. आपल्या या विकारास मात्र स्वतःची ओळ नाहीं. कारकुनाला तो ‘जी ९७.८’ म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे ‘इतर’ मज्जाविकार या सदरांत घालावा लागतो. आणि ‘इतर’ या कोठारांत एकदां पडलेला रोगी मोजणीच्या वेळीं निराळा काढतां येत नाहीं.

यांत काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. रोगी खालावला म्हणजे दाब वाढला, अशा समजुतीनें कण्यांतून द्रव काढला, तर आधींच उणा असलेला दाब आणखी उतरतो आणि जिवावर बेततें. उलट रोग ओळखला, तर रोग्याला सपाट निजवून किंवा डोकें खालीं करून, शिरेवाटे द्रव देऊन वेळ निभावतां येते. आणि कवटीचें भगदाड हाडानें वा अन्य साधनानें बुजविलें कीं गेलेलें बळ व वाणी पुष्कळदां परत येते.

म्हणून टिपण लिहिणाऱ्या वैद्यानें अंकावर न थांबतां विकाराचें नांव पूर्ण अक्षरांत लिहावें. आणि ज्यांच्या घरीं असा रोगी आहे, त्यांनीं उठतां-बसतां होणारा फरक शस्त्रवैद्यांना आवर्जून सांगावा. उपाय हातीं असतां केवळ ओळख न पटल्यामुळें मनुष्य पंगू राहावा, हें आजच्या काळीं क्षम्य नाहीं.