रुपयावरील बादशहाचें नांव

आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरांत एके काळीं चांदीचे रुपये पाडले जात. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकीला औरंगजेबानें १६५३ मध्यें आपलें नांव दिलें. येथील रुपयांवर टांकसाळीचें नांव आधीं ‘औरंगाबाद’ व पुढें ‘खुजिस्ता बुनियाद’, म्हणजे शुभ पायाची नगरी, असें आढळतें. रुपया वजनानें सुमारें साडेअकरा ग्रॅम. त्यास लागणारी चांदी बहुतांशीं परदेशांतून येई; सुरतेसारख्या बंदरांत उतरलेलीं परकी नाणीं वितळवून मोगली टांकसाळींत रुपये पाडीत.

त्या काळीं जर्मन संस्थानांत थालर हें मोठें चांदीचें नाणें चाले. बोहेमियांतील योआखिमस्थाल या खोऱ्यावरून त्यास हें नांव पडलें. ‘डॉलर’ हा शब्दहि त्यांतूनच निघाला. १५६६ मध्यें ठरलेल्या प्रमाणानुसार त्यांत सुमारें २६ ग्रॅम शुद्ध चांदी असे. तेथेंहि सर्वांवर नांवाला एक सम्राट् होता. तथापि सॅक्सनी, ब्रुन्सविक येथील अधिपति थालरवर स्वतःचें नांव व मुखवटा बेधडक उमटवीत.

दख्खनेंत याच्या उलट घडलें. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क व्यवहारतः स्वतंत्र झाला; नाण्यावर मात्र दिल्लीच्या बादशहाचेंच नांव राहिलें. १७६३ मध्यें राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस गेली. १७८८ मध्यें बादशहा शाह आलम याचे डोळे काढण्यांत आले. तरीहि रुपया त्याच्याच नांवें पडत होता, आणि मराठ्यांच्या कित्येक टांकसाळींतहि तीच रीत होती.

याचें कारण काय? खुत्बा आणि सिक्का हीं सार्वभौमत्वाचीं चिन्हें मानलीं जात. निजामाचा अधिकार बादशाही सुभेदारींतून आलेला असल्यानें तें नांव पुसणें म्हणजे स्वतःच्या सनदेचा आधार काढून घेणें होतें. शिवाय सराफाच्या पेढीवर ओळखीचा छाप चाले. अनोळखी नाण्यास बट्टा बसे. अखेर बादशहा पदच्युत झाल्यावर, १८५८ मध्यें, हैदराबादच्या नाण्यावरून त्याचें नांव गेलें.

मराठवाड्यांतील कित्येक घरीं लक्ष्मीपूजनाच्या ताटांत असे जुने रुपये अद्याप दिसतात. ते मोडींत घालण्यापूर्वी जाणकाराकडून वाचवून घ्यावेत. मुशींत चांदीचें वजन टिकतें. नगरीचें नांव, बादशहाचें नांव व वर्ष हीं मात्र कायमचीं नाहींशीं होतात. या शहराच्या इतिहासाचा तेवढा अस्सल पुरावा मग पुन्हां मिळत नाहीं.